कारचा विमा किती रकमेचा घ्यावा? नाशिकच्या वाहनधारकांसाठी टप्प्याटप्प्याने हिशेब

पॉलिसी संपायला दोन दिवस उरले की आपल्याकडे बहुतेक जण तीन-चार कंपन्यांचे आकडे मागवतात, त्यांतला सर्वांत लहान आकडा निवडतात आणि पैसे भरून मोकळे होतात. हप्ता कमी का आला, हे पाहायला त्या घाईत वेळ नसतो. कधी कारची विमा-किंमत खाली ओढलेली असते, कधी पावसाळ्यात हमखास लागणारे कलम वगळलेले असते, तर कधी आपल्याला लागू नसलेला नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दलची सूट) दाखवलेला असतो. ही चूक क्लेमच्या दिवशी कळते आणि तेव्हा दुरुस्तीला वाव नसतो.

पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. जे नुकसान कुटुंबाला स्वतःच्या पैशांतून कधीच भरून काढता येणार नाही, त्याची सोय सर्वांत आधी करावी. जे महिन्याच्या पगारातून किंवा साठवणीतून सोसता येईल, त्याचा विचार अखेरीस करावा. हप्त्याचा आकडा या हिशेबातून निघाला पाहिजे.

पूर्वतयारी: तीन आठवडे आधी

टेबलावर पुढील कागद असल्याशिवाय कोणत्याही एजंटाशी बोलू नये: आरसी, चालू पॉलिसीची पूर्ण प्रत (फक्त पहिले पान पुरेसे नाही), कार कर्जावर असल्यास शिल्लक मुद्दलाचा दाखला, आणि घरात जे जे ही कार चालवतात त्या सर्वांचे परवाने. परवान्यांची मुदत तपासावी. विमा कितीही मोठा असला तरी चालकाकडे वैध परवाना नसेल, तर स्वतःच्या कारचा क्लेम नाकारला जाऊ शकतो आणि इतरांना दिलेली भरपाईही कंपनी मालकाकडून वसूल करू शकते.

त्यानंतर कारचे वर्ष कसे जाते, हे एका कागदावर लिहावे. रात्री ती कुठे उभी असते? पंचवटीत, सराफ बाजाराच्या बाजूला किंवा नासर्डीच्या काठावर उभी राहणारी कार आणि उंचावरच्या वसाहतीत पहिल्या मजल्याच्या पार्किंगमध्ये उभी राहणारी कार यांची पावसाळ्यातील जोखीम एकसारखी नसते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाघाटावर पाणी किती लवकर चढते, हे दुतोंड्या मारुतीकडे पाहून पुराचा अंदाज बांधणाऱ्या नाशिककराला वेगळे सांगायला नको. इमारतीचे पार्किंग तळघरात असेल, तर नदी दूर असूनही पाण्याचा धोका आहे. रोज सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत अवजड वाहनांमधून जाणे होते का, महिन्यातून किती वेळा कसारा घाट उतरावा लागतो, निफाड-सिन्नरच्या बाजूला गारपिटीच्या दिवसांत कार उघड्यावर असते का, हेही लिहावे.

*तपासणी:* आरसीवरील नाव, इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक आणि इंधनाचा प्रकार चालू पॉलिसीशी जुळतो का? बाहेरून सीएनजी किट बसवले असेल, तर त्याची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर अशा दोन्ही ठिकाणी असायला हवी. आरसीवर नोंद नसेल, तर पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयाचे काम आधी उरकावे आणि मगच विम्याकडे वळावे.

*सावध:* १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारबरोबर थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीचा भाग, तीन वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या कारच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओडी, मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर तीन वर्षांनंतरची तारीख दिसते आणि मालक निश्चिंत राहतो, पण दुसऱ्या वर्षी कारचे नुकसान झाले की ओडी केव्हाच संपल्याचे कळते. दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवाव्यात.

टप्पा १: दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसताना कार चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. रस्त्यावरील माणसाचा मृत्यू झाला किंवा त्याला इजा झाली, तर कंपनीच्या दायित्वाला रकमेची मर्यादा नसते आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई कंपनी देते. त्यामुळे या भागात ‘किती घ्यावा’ हा प्रश्नच उरत नाही.

हप्ताही सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावरील कारला ७,८९७ रुपये, शिवाय जीएसटी, असा हिशेब आहे. हा भाग सर्व कंपन्यांकडे सारखाच असल्याने त्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही.

येथे एकच निर्णय आपल्या हातात असतो. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा खासगी कारसाठी ७.५ लाख रुपये असते आणि थोडी सूट घेऊन ती ६,००० रुपयांवर आणता येते. ही सूट कोणीही घेऊ नये. द्वारका चौकात पुढच्या महागड्या कारला मागून धडक बसली, तर ६,००० रुपयांत तिचा दिवाही येणार नाही.

टप्पा २: कारमध्ये बसलेली माणसे

हा टप्पा सर्वाधिक दुर्लक्षित राहतो, म्हणून येथे सावकाश जावे.

मालक-चालकाचे वैयक्तिक अपघात संरक्षण १५ लाख रुपयांचे असते. तेवढ्याच रकमेची वेगळी अपघात विमा पॉलिसी आधीपासून असेल, तर ते पुन्हा घ्यावे लागत नाही. दोन कार असलेल्यांनी दोन्हींवर हा हप्ता भरण्याचे कारण नाही. मात्र ‘मालक-चालक’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. आरसीवर ज्याचे नाव आहे आणि ज्याच्याकडे वैध परवाना आहे, त्याच व्यक्तीला हे संरक्षण मिळते. कार आईच्या किंवा पत्नीच्या नावावर असून तिच्याकडे परवाना नसेल आणि रोज चालवणारा मुलगा किंवा नवरा असेल, तर त्या चालवणाऱ्याला या १५ लाखांतील काहीही मिळत नाही. आपल्याकडे अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांनी प्रत्यक्ष कार चालवणाऱ्याच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी. तिची रक्कम ठरवताना घरातील कमावत्या माणसाचे किमान पाच ते सात वर्षांचे उत्पन्न आणि शिल्लक कर्ज यांची बेरीज धरावी, असे माझे मत आहे. १५ लाख हा कायद्याचा किमान आकडा आहे, आपल्या कुटुंबाच्या गरजेचा नाही.

सोबत बसणाऱ्यांसाठी ‘अनामिक प्रवासी’ संरक्षण प्रत्येकी २ लाख रुपयांपर्यंत घेता येते आणि ते कारच्या आसनसंख्येएवढे घ्यावे लागते. वणीला किंवा त्र्यंबकेश्वरला आई-वडील आणि मुले घेऊन वारंवार जाणाऱ्यांनी ते जरूर घ्यावे. पगारी ड्रायव्हर ठेवला असेल, तर त्याच्यासंबंधीचे कायदेशीर दायित्व वर्षाला ५० रुपयांच्या जोडहप्त्यात मिळते. ते न घेणे हा निष्काळजीपणा आहे.

*सावध:* फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर आपल्याच खासगी कारमध्ये मोफत बसलेला मित्र किंवा नातेवाईक ‘थर्ड पार्टी’ धरला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून हे स्पष्ट झालेले आहे. तो जखमी झाला, तर भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो. लोक ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात त्या, थर्ड पार्टी आणि ओडी एकत्र असलेल्या पॅकेज पॉलिसीत या प्रवाशांचे दायित्व येते.

टप्पा ३: ओडी ठेवायचा की सोडायचा

अपघात, चोरी, आग, पूर, गारपीट आणि दंगल यांत आपल्या कारचे होणारे नुकसान ओडी भागात येते. कार जुनी झाली की हा भाग सोडावा का, असा प्रश्न विचारला जातो. उद्या सकाळी कार जागेवर नसेल, तर तशीच दुसरी घेण्यासाठी लागणारी रक्कम कर्ज न काढता उभी करता येईल का? उत्तर ठाम ‘होय’ असेल तरच ओडी सोडण्याचा विचार करावा. बाजारात लाख-सव्वा लाख किंमत उरलेल्या बारा वर्षांच्या कारसाठी तो योग्य ठरू शकतो. त्याबरोबर टप्पा २ मध्ये सांगितलेले, पॅकेज पॉलिसीतील प्रवाशांच्या दायित्वाचे संरक्षणही जाते, हे मात्र लक्षात ठेवावे. कार कर्जावर असेल, तर बँकेचा करारनामा ओडी सोडू देत नाही.

टप्पा ४: आयडीव्ही ठरवणे

कार चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर कंपनी जास्तीत जास्त जी रक्कम देईल ती आयडीव्ही. उत्पादकाच्या सध्याच्या विक्री किमतीतून घसारा, म्हणजे वयानुसार धरलेली किमतीतील घट, वजा करून ती काढतात. नोंदणी आणि विम्याचा खर्च तीत धरत नाहीत. घसारा असा: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतर ती कंपनी आणि मालक यांच्या सहमतीने ठरते. तेव्हा शहरातील दोन-तीन जुन्या कारच्या विक्रेत्यांकडून त्याच मॉडेलचा, त्याच वर्षाचा भाव विचारून ठेवावा.

उदाहरण घेऊ. मॉडेलची आजची किंमत ९,००,००० रुपये आणि कारचे वय दोन वर्षे चार महिने. घसारा ३० टक्के, म्हणून आयडीव्ही ६,३०,००० रुपये. एखादी कंपनी स्वस्त हप्त्यासाठी ती ५,४०,००० वर आणते. ओडीचा दर समजा २ टक्के धरला, तर ९०,००० रुपयांच्या फरकावर १,८०० रुपये वाचतात आणि २५ टक्के नो क्लेम बोनस लागू असेल, तर प्रत्यक्षात वाचतात १,३५० रुपये. त्या बदल्यात चोरी झाल्यास ९०,००० रुपये कमी मिळणार.

आणखी एक परिणाम फारसा कोणी सांगत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कार ‘टोटल लॉस’ धरली जाते. ६,३०,००० च्या आयडीव्हीला ही रेषा ४,७२,५०० वर येते, ५,४०,००० ला ४,०५,००० वर. म्हणजे ४,२०,००० रुपयांच्या दुरुस्तीत पहिली कार दुरुस्त होऊन घरी येईल आणि दुसरी, तितकीच चांगली कार, कमी रकमेत हातातून जाईल.

उलट बाजूने, आयडीव्ही अवास्तव वाढवून घेण्याचाही उपयोग नाही. किरकोळ दुरुस्तीच्या क्लेममध्ये त्यामुळे एक रुपयाही जास्त मिळत नाही.

*तपासणी:* आयडीव्ही आणि शिल्लक कर्ज शेजारी शेजारी लिहावे. टोटल लॉसची रक्कम आधी बँकेकडे जाते. कर्ज आयडीव्हीहून मोठे असेल, तर कार गेल्यावरही हप्ते भरावे लागतील. अशा वेळी पुढच्या टप्प्यातील ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’चा विचार करावा.

टप्पा ५: जोडसंरक्षणे निवडणे

एजंट सहा-सात जोडसंरक्षणांचा (जादा हप्ता भरून पॉलिसीला जोडायच्या ‘ॲड-ऑन’चा) गठ्ठा दाखवतो. सगळी घेऊ नयेत आणि सगळी नाकारूही नयेत.

*झिरो डेप (शून्य घसारा).* साध्या पॉलिसीत बदललेल्या भागांवर घसारा कापला जातो: प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरवर ३० टक्के, काचेवर काही नाही आणि पत्र्याच्या भागांवर कारच्या वयानुसार. साडेतीन वर्षांच्या, १,५०० सीसीपर्यंतच्या कारची समोरून धडक झाली असे समजू. बंपर १२,०००, हेडलाइट १४,०००, बॉनेट १०,०००, समोरची काच ७,०००, मजुरी ९,००० आणि रंगकाम १२,०००, असे बिल ६४,००० रुपये. बंपरवर ६,०००, प्लास्टिकच्या हेडलाइटवर ७,०००, बॉनेटवर २५ टक्क्यांप्रमाणे २,५०० आणि रंगाच्या सामानावर १,५०० अशी एकूण १७,००० रुपयांची घसारा-कपात होते. प्रत्येक क्लेममागे मालकाने सोसायची सक्तीची १,००० रुपयांची कपात धरून १८,००० रुपये मालकाच्या खिशातून जातात. झिरो डेप असते, तर यातील १७,००० वाचले असते. आजच्या कारचा पुढचा भाग बराचसा प्लास्टिकचा असतो, म्हणून पाच वर्षांच्या आतील कारला मी हे संरक्षण आवश्यक मानतो. वर्षातून किती क्लेमना ते लागू आहे, हे मात्र लेखी विचारावे. अनेक कंपन्या दोनवर थांबतात.

*इंजिन संरक्षण.* पुराचे पाणी कारमध्ये शिरले, तर सीट, वायरिंग, साफसफाई यांचा खर्च साध्या ओडीत मिळू शकतो. पण पाण्यातून चालवल्यामुळे किंवा पाणी शिरल्यावर स्टार्टर मारल्यामुळे इंजिन जाम झाले, तर ते ‘परिणामी नुकसान’ ठरवून नाकारले जाते. माझ्या शेजारच्या इमारतीत तळघरात पाणी शिरले, तेव्हा तीन कार बुडाल्या. दोन मालकांनी काही न करता कंपनीला फोन केला. तिसऱ्याने पाणी ओसरताच ‘चालू होते का बघू’ म्हणून चावी फिरवली आणि इंजिनाचा सगळा खर्च त्याच्यावर पडला. पूर्वतयारीच्या कागदावर नदीकाठ, तळघर किंवा पाणी साचणारा रस्ता लिहिला असेल, तर हे संरक्षण घ्यावे. ते असले तरी बुडालेली कार सुरू करू नये आणि ढकलूनही नेऊ नये. फोटो काढावेत, कंपनीला कळवावे आणि कार उचलून नेणाऱ्या गाडीची वाट पाहावी.

*रिटर्न टू इन्व्हॉइस.* टोटल लॉस किंवा चोरीत आयडीव्ही आणि मूळ खरेदी किंमत यांतील फरक यातून मिळतो. नवी कार आणि मोठे कर्ज असेल तर उपयोगी, जुन्या कारला बहुधा मिळतच नाही.

*उरलेली.* इंजिन ऑइल, कूलंट, नट-बोल्ट यांचा खर्च देणारे ‘कन्झ्युमेबल्स’ झिरो डेपबरोबर स्वस्तात मिळाले तर घ्यावे. रस्त्यावरील मदत सेवा कार उत्पादकाकडून आधीच मिळत असेल, तर ती दोनदा विकत घेऊ नये. किल्ली, सामान, टायर यांची संरक्षणे सोसण्याजोग्या नुकसानीची आहेत.

टप्पा ६: स्वतः किती सोसायचे

सक्तीची कपात १,५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यावर २,००० रुपये असते. त्याखेरीज ऐच्छिक कपात स्वीकारली की ओडी हप्त्यात सूट मिळते. प्रचलित सूत्रानुसार २,५०० रुपयांच्या ऐच्छिक कपातीला २० टक्के, पण जास्तीत जास्त ७५० रुपये, आणि १५,००० रुपयांच्या कपातीला ३५ टक्के, पण जास्तीत जास्त २,५०० रुपये सूट मिळते. वर्षाला २,५०० वाचवण्यासाठी प्रत्येक क्लेममागे १५,००० स्वतः भरण्याची ही तयारी आहे. सहा वर्षांत एकही क्लेम होणार नाही, एवढी खात्री असेल तरच ती परवडते. शहरात रोज कार चालवणाऱ्याने शून्य किंवा २,५०० वर थांबावे.

याच्याशीच नो क्लेम बोनसचा हिशेब जोडलेला आहे. क्लेम न घेतलेल्या वर्षांनुसार ओडी हप्त्यावर अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के सूट मिळते. एक क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला ती शून्य होते. बोनसपूर्वीचा ओडी हप्ता १०,००० रुपये धरला आणि आपण ५० टक्क्यांच्या पायरीवर जाणार होतो असे समजले, तर पुढील पाच वर्षांत ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० असे मिळून १२,५०० रुपये जास्त भरावे लागतात. कार जुनी होते तसा हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येईल. तरीही ५,०००-६,००० रुपयांच्या ओरखड्यासाठी क्लेम टाकणे तोट्याचे आहे, एवढे यावरून दिसते.

*सावध:* बोनस माणसाचा असतो, कारचा नसतो. जुनी कार विकत घेतल्यावर आधीच्या मालकाचा बोनस आपल्याला मिळत नाही. पॉलिसी मात्र १४ दिवसांच्या आत अर्ज करून आपल्या नावावर करून घ्यावी लागते. ते न केल्यास कारच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही, तर बोनस बुडतो. मागच्या वर्षी क्लेम घेतलेला असताना ‘घेतला नाही’ असे फॉर्मवर लिहू देऊ नये, कारण कंपन्या एकमेकांकडे चौकशी करतात आणि चूक उघडकीला येते ती नेमकी क्लेमच्या वेळी.

टप्पा ७: आता आकडे मागवा

आतापर्यंत ठरलेली यादी, म्हणजे आयडीव्ही, अपघात संरक्षण, प्रवासी, ड्रायव्हर, जोडसंरक्षणे, ऐच्छिक कपात आणि बोनसची टक्केवारी, अगदी एकसारखी लिहून तीन कंपन्यांना पाठवावी. यादी सारखी नसेल, तर आकड्यांची तुलना निरर्थक आहे. त्यानंतर, ज्या गॅरेजवर आपला भरवसा आहे, ते नाशिकमध्ये त्या कंपनीच्या कॅशलेस यादीत (जिथे बिल कंपनी थेट भरते) आहे का, हे गॅरेजमध्ये स्वतः जाऊन विचारावे. कंपनीची छापील यादी जुनी असू शकते, गॅरेजच्या काउंटरवरील माणूस मात्र आजची स्थिती सांगतो.

कारचा वापर खरा सांगावा. पांढऱ्या नंबर प्लेटची कार शिर्डी-त्र्यंबकेश्वरच्या भाविकांसाठी भाड्याने फिरवली आणि अपघात झाला, तर खासगी वापराच्या अटीचा भंग म्हणून क्लेम नाकारला जातो. हप्ता किती भरला होता, हे तेव्हा कोणी विचारत नाही.

टप्पा ८: पॉलिसी हाती आल्यावर

त्याच दिवशी ती टप्पा ७ च्या यादीशी ओळीने ताडून पाहावी: नाव, चेसिस क्रमांक, दोन्ही मुदती, आयडीव्ही, मालमत्तेची मर्यादा ७.५ लाख, प्रत्येक जोडसंरक्षणाचे नाव, वारसाचे नाव, बँकेची नोंद. चूक दिसली, तर कंपनीला ई-मेल करून दुरुस्तीचे एन्डॉर्समेंट (पॉलिसीतील बदलाची लेखी नोंद) मागावे. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे फोनवरील उत्तर स्वीकारू नये.

कंपनीने दाद दिली नाही, तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि तिची पोच जपून ठेवावी. विमा नियामक प्राधिकरणाची मदतवाहिनी १५५२५५ या क्रमांकावर आहे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर नाशिकच्या ग्राहकाने पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाकडे अर्ज करावा. त्यासाठी शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.